धर्माची गाय असली, तरी दात मोजा

श्रीमंत देशांतल्या कचेऱ्या चार-पाच वर्षांनी संगणक बदलतात. जुने अजून चालत असतात. मग ते गरीब देशांना दान! ऐकायला गोड आहे. पण या दानाचा हिशेब आम्ही घेणाऱ्याच्या बाजूने मांडणार आहोत.

२००५ साली बासेल अ‍ॅक्शन नेटवर्क या संस्थेने नायजेरियातल्या लागोस बंदराची पाहणी केली. महिन्याला सुमारे ५०० कंटेनर जुना माल उतरत होता, आणि तिथल्याच जाणकारांच्या अंदाजाने त्यातला ७५ टक्क्यांपर्यंत माल निव्वळ भंगार. ते उकिरड्यावर जाळले जाई. जुन्या पडद्यांच्या काचेत शिसे असते, ते मातीत उतरते. पाठवणाऱ्याच्या देशात हेच भंगार रीतसर मोडायला पैसे मोजावे लागतात. ‘वापरता माल’ म्हणून धाडले की खर्च वाचतो, वर पुण्य पदरी! भाकड जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधून वैरण वाचवणारे आपल्याकडेही आहेत. ते स्वतःला दानशूर म्हणवत नाहीत, एवढेच.

मग जुना माल बंदच करा, असे काही पर्यावरणवाले म्हणतात. हे आम्हाला मुळीच मान्य नाही. लागोसच्या इकेजा बाजारात बिघडलेली यंत्रे चालती करून विकणारे कसबी कारागीर आहेत. त्यांना चांगला जुना माल हवाच आहे. बंदीची कुऱ्हाड आधी त्यांच्यावर पडेल.

आपला कापूस केंद्रावर गेला की ग्रेडर बोंडातली कवडी काढून दाखवतो, ओल बघतो, मग प्रत ठरवतो. फुकटच्या संगणकाची प्रत मात्र कोणी पाहायची नाही! १ जानेवारी २०२५पासून बासेल कराराप्रमाणे सर्व इलेक्ट्रॉनिक कचऱ्याला घेणाऱ्या देशाची आगाऊ संमती लागते. पण ‘चालू स्थितीत’ अशी चिठ्ठी डकवली की तो कचराच ठरत नाही. मेख इथे आहे. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची मोफत देखभाल संपली. विंडोज ११ न पेलणारी, पण लिनक्स टाकून वर्षानुवर्षे चालतील अशी यंत्रे आता ढिगाने निघणार. चांगल्याबरोबर भंगारही निघणार.

तेव्हा मागणी आधी, माल नंतर. प्रत्येक यंत्र चालवून पाहावे, पाहणाऱ्याचे नाव त्यावर असावे. घेणाऱ्याने थोडी तरी किंमत मोजावी, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून माल परत करता येतो. आणि परतीचे भाडे पाठवणाऱ्याच्या माथी. मग किती दाते उरतात ते पाहू.