खिडकी आमची, ग्रिल त्यांची!



गेल्या आठवड्यात बदलापूर पूर्वेच्या एका नव्या संकुलात उल्हासनगरहून आलेला टेम्पो गेटवरच अडवला. टेम्पोत माप घेऊन बनवलेल्या ग्रिल होत्या, ॲडव्हान्सही दिलेला. वॉचमन म्हणाला, "बाहेरचा फॅब्रिकेटर चालत नाही, वरून सांगितलंय." तासभर हुज्जत झाली आणि टेम्पो आल्या वाटेने परत गेला. तेच काम मग 'आतल्या' माणसाला, त्याच्या दराने.

अंबरनाथ-बदलापुरात हे कुणाला नवीन? केबल, इंटरनेट, मच्छरजाळी, सामान चढवणारे हमाल, सगळीकडे एकच 'आपला माणूस'. ग्रिलपुरताच हिशेब करू. चौरस फुटाला फक्त 100 रुपये जादा धरा. घराला 60 चौरस फूट, संकुलात 200 घरं. झाले 12 लाख, वेल्डिंगची एक ठिणगी जास्त न उडवता!

म्हणे, इमारत एकसारखी दिसली पाहिजे. मग डिझाइनचा कागद नोटीस बोर्डावर लावा, तशी ग्रिल कुणीही बनवून देईल. म्हणे, सुरक्षा. मग गेटवरचं रजिस्टर काय शोभेला आहे? आणि डोकं फिरवणारा युक्तिवाद तर पुढेच: "स्थानिक पोरांना काम मिळतं." दोन स्टेशनांवरचा उल्हासनगरचा कारागीर परका कधीपासून झाला? फाळणीत सगळं गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांनी तिथल्या छावणीत बाजार उभा केला तो स्वस्त आणि झटपट माल देऊन. त्यांच्या 'मेड इन यूएसए'ला (यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन!) आपण हसलो, खरेदीही तिथेच केली.

कायदा आहे, बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर रोखणारा 2002चा स्पर्धा कायदा. फ्लॅटधारकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून 2011 मध्ये गुडगावच्या एका बड्या बिल्डरला स्पर्धा आयोगाने 630 कोटींचा दंड ठोठावला. पण इतर बिल्डरांविरुद्धच्या कितीतरी तक्रारी एकाच वाक्यात निकालात निघाल्या: शहरात बिल्डर पुष्कळ, मग या एकाचं वर्चस्व कसलं? बुकिंगच्या दिवसापर्यंत हे बरोबर आहे. चावी हातात आली, वीस वर्षांचा हप्ता मागे लागला, की आमचा बाजार त्या गेटाएवढाच उरतो. दिल्लीतून पाहणाऱ्या आयोगाला तो दिसत नाही. म्हणून आमदार-खासदारांना विचारा: ताब्यानंतरच्या सक्तीच्या खरेदीसाठी संकुल हाच बाजार धरायला कायद्यात दुरुस्ती कधी करणार?

तोवर वॉचमनशी भांडू नका, तो पगारी माणूस. 'वरून' सांगणाऱ्याकडे लेखी मागा: कुठल्या नियमाने, कुणाच्या सहीने. अशी सही कुणी केल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.