वर्गाचा फोटो विकणारी माणसं

दहावीच्या निरोप समारंभांचे दिवस आले, की स्टुडिओचा माणूस नमुन्याचे फोटो घेऊन मुख्याध्यापकांना भेटतो. दर ठरवणं, गैरहजर मुलांसाठी पुन्हा येणं, वर्गशिक्षकांकडून नावांची यादी आणि पैसे घेणं, सगळं त्याच्याच अंगावर. नावात एक चूक झाली, तर ती घरोघरी वर्षानुवर्षं भिंतीवर राहते! आता पालकांच्या हातात मोबाइल आहे. शिवाय २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या डेटासाठी पालकांच्या संमतीची अट आहे. या बदलांत हे काम कसं चालतं, हे समजून घ्यायला या अंकात आम्ही वर्गाच्या फोटोची ऑर्डर मिळवणाऱ्या माणसांशी बोललो. ज्याच्या घरी पैसे नाहीत, त्या मुलाला प्रत कोण देतं, हा प्रश्न आम्हाला सर्वांत जवळचा वाटला. तुमच्या शाळेत काय होत असे? जरूर लिहा.