राजीनामा न दिलेला न्यायमूर्ती

२५ फेब्रुवारी १९८६ रोजी मनिलामध्ये फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन शपथा झाल्या. सकाळी ‘क्लब फिलिपिनो’त विरोधी नेत्या कोराझोन अक्विनो यांनी शपथ घेतली, बायबल त्यांच्या सासूबाईंनी धरलं होतं. दुपारच्या सुमारास मालाकान्यांग राजवाड्यात सत्तेवर असलेल्या फर्डिनांड मार्कोस यांनी घेतली. मार्कोस यांना शपथ दिली ती सरन्यायाधीशांनी. कोराझोनबाईंना दिली ती क्लॉडिओ टीहांकी यांनी. ते सर्वोच्च न्यायालयातले सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती, आणि आदल्या वर्षात सरन्यायाधीशपदासाठी दोनदा डावलले गेलेले. त्याच रात्री मार्कोस देश सोडून गेले.

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवणारा वकील. वाटणी, वहिवाट आणि बांधावरची भांडणं यांतच माझा दिवस जातो. राज्यघटनेपर्यंत हात क्वचितच पोचतो. पण बाररूममध्ये चहाबरोबर एक विषय ठरलेला असतो. अमक्या न्यायमूर्तींनी तेव्हा राजीनामा तोंडावर फेकायला हवा होता, असं ज्युनियर मंडळी तावातावाने सांगतात. दाखला अर्थातच हंसराज खन्ना यांचा. आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागण्याच्या हक्काबद्दलच्या जबलपूर खटल्यात त्यांनी एकट्याने विरोधी निकाल दिला, १९७७ च्या जानेवारीत सरकारने सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं आणि त्यांनी पद सोडलं. त्या राजीनाम्यापुढे मीही हात जोडतो. पण डावललं गेल्यावरही जो खुर्ची सोडत नाही तो लाचारच, हे मला मान्य नाही. टीहांकींची कारकीर्द पाहिली की आपली ही मोजपट्टी तोकडी पडते.

टीहांकी १९१८ चे, मनिलाचेच. वडील चिनी डॉक्टर, सन यत-सेन यांचे स्नेही. १९४० च्या वकिलीच्या परीक्षेत टीहांकी देशात पहिले आले. त्याच्या आदल्या वर्षी पहिला आलेला उमेदवार होता फर्डिनांड मार्कोस. वडिलांच्या राजकीय प्रतिस्पर्ध्याच्या खुनाबद्दल मार्कोसला शिक्षा झाली होती. त्याने अपिलात स्वतःची बाजू मांडली आणि १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. स्वतंत्र न्यायालय काय करू शकतं, हे या माणसाला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याच मार्कोसनी टीहांकींना न्यायमंत्री केलं आणि १९६८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. म्हणजे माणूस सरकारच्याच गोटातला.

सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला. मार्कोसनी न्यायालयाला कुलूप लावलं नाही. त्यांना न्यायालयाचा शिक्का हवा होता. नव्या राज्यघटनेवर गुप्त मतदान घेण्याऐवजी जानेवारी १९७३ मध्ये वस्तीवस्तीत नागरिकांच्या सभा भरवल्या, लोकांना हात वर करायला सांगितलं आणि घटना मंजूर झाल्याचं जाहीर केलं. प्रकरण न्यायालयात गेलं. दहापैकी सहा न्यायमूर्तींचं मत पडलं की ही मंजुरी घटनेला धरून नाही. तरीही सहा विरुद्ध चार मतांनी याचिका फेटाळल्या गेल्या आणि नव्या घटनेच्या वाटेत आता न्यायालयीन अडसर उरलेला नाही, असं शेवटी लिहिलं गेलं. विरोधातल्या चौघांत टीहांकी होते. सरन्यायाधीश रोबेर्तो कोन्सेप्सिओनही होते. ते लवकरच, निवृत्तीची तारीख येण्याआधीच पदावरून दूर झाले. एन्रिके फर्नांदो हे आणखी एक. तेही टीहांकींसारखेच पदावर टिकून राहिले, पुढे सरन्यायाधीश झाले, आणि मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डा यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे असलेलं त्यांचं छायाचित्र देशभर गाजलं.

म्हणून नुसतं टिकून राहणं हा गुण नव्हे. टिकून राहून रोज काय करता, हा प्रश्न आहे. १९७५ मध्ये कोराझोनबाईंचे पती, विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांच्यावर लष्करी न्यायाधिकरणात खटला चालवायला बहुमताने मुभा दिली. टीहांकींनी विरोधी निकालपत्रात लिहिलं, की मुलकी न्यायालयं उघडी असताना नागरिकाला लष्करापुढे उभं करता येत नाही. १९८३ मध्ये अक्विनोंची मनिला विमानतळावर हत्या झाली. त्या हत्येच्या खटल्याचा निकाल रोखावा, ही मागणी न्यायालयाने १९८५ च्या नोव्हेंबरात नऊ विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. त्या दोघांत टीहांकी होतेच. काही दिवसांतच सगळे २६ आरोपी सुटले.

मार्कोस गेल्यावर टीहांकी सरन्यायाधीश झाले. सप्टेंबर १९८६ मध्ये त्यांनीच निकाल लिहून तो खटला बनाव ठरवला. सरकारी वकिलांना आणि न्यायाधीशाला राजवाड्यात बोलावून निकाल आधीच कसा ठरवला गेला, हे तोवर उघड झालं होतं. फेरसुनावणी झाली आणि १९९० मध्ये १६ लष्करी आरोपींना जन्मठेप झाली. लष्करी न्यायाधिकरणाबद्दलचं त्यांचं १९७५ चं म्हणणंही १९८७ मध्ये न्यायालयाने कायदा म्हणून स्वीकारलं. खन्नांचं मत मान्य व्हायला आपल्याकडे २०१७ उजाडलं. तेव्हा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांनी वडील यशवंतरावांचा जबलपूर खटल्यातला निकाल चुकीचा ठरवला.

यावर ज्युनियर मंडळींचा एक आक्षेप असतो, आणि तो खोटा नाही. असे एक-दोन विरोधी निकाल हुकूमशहाला सोयीचेच असतात. बघा, आमच्याकडे मतभेद चालतो, असं तो जगाला सांगू शकतो. मार्कोसना ही सोय चौदा वर्षं मिळाली असेलही. पण त्या चौदा वर्षांत सरकारने काय केलं आणि ते बेकायदा का होतं, याची नोंद न्यायालयाच्याच दप्तरात होत राहिली. टीहांकींनी १९७३ मध्ये राजीनामा दिला असता तर ती खुर्ची रिकामी राहिली नसती. दुसऱ्याच दिवशी कुणी होयबा तिथे बसला असता.

ज्युनियरांना माझं सांगणं एवढंच. न्यायमूर्तीला कुणी नेमलं आणि त्याने राजीनामा दिला की नाही, या चर्चेत चहा संपतो. त्याची निकालपत्रं काढा. कोणत्या निकालाखाली त्याची सही आहे आणि कोणत्या निकालाला त्याने सही नाकारली, ते वाचा. विरोधी निकालपत्र शेवटच्या पानांवर असतं म्हणून ते वाचायचं सोडू नका. उद्याच्या अपिलातला मुद्दा पुष्कळदा तिथेच असतो.