संशोधनाचे मोजमाप आणि उपनगराचे प्रश्न

राष्ट्रीय मानांकनाची यादी जाहीर झाली की मुंबई विद्यापीठ कितव्या स्थानी आहे, ह्याची चर्चा सुरू होते. क्रमांक घसरला तर हळहळ आणि चढला तर अभिनंदन, असा हा वार्षिक परिपाठ झाला आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठाविषयी मुंबईकरांना आस्था वाटते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या हिशेबातून हा क्रमांक निघतो तो हिशेब काय मोजतो आणि काय मोजत नाही, ह्याचा विचार क्वचितच होतो. उपनगरातील एका महाविद्यालयात वीस वर्षे अर्थशास्त्र शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखकास तो टाळता येत नाही. कारण त्या हिशेबातील एक आकडा तो स्वतःही आहे.

केंद्र शासनाचे हे मानांकन २०१६ पासून प्रसिद्ध होते. विद्यापीठांच्या मूल्यमापनात संशोधनाला शंभरापैकी तीस गुणांचे वजन दिलेले आहे आणि त्यांतील मोठा वाटा प्रसिद्ध निबंधांची संख्या व इतरांनी त्यांचे केलेले उल्लेख ह्यांचा असतो. ही मोजणी मुख्यतः दोन परदेशी सूचींवरून होते आणि त्या सूचींत प्राधान्य इंग्रजी नियतकालिकांचे आहे. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या ‘अर्थसंवाद’मध्ये एखाद्याने वर्षभर खपून निबंध लिहिला, तरी ह्या हिशेबात त्याची किंमत शून्य. वस्तुतः उल्लेख मोजण्याची ही पद्धत माणसांची पारख करण्यासाठी जन्मासच आली नव्हती. अमेरिकेतील युजीन गारफील्ड ह्यांनी १९६४ मध्ये विज्ञानविषयक उल्लेखांची सूची प्रसिद्ध केली. तीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासाठी ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हे माप वापरले गेले. नियतकालिके निवडण्याचे माप पुढे अध्यापकाच्या बढतीला लावले गेले.

ह्याचा परिणाम काय व्हावयाचा, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. चलनधोरणाची चर्चा करताना चार्ल्स गुडहार्ट ह्यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते की, एखादे माप नियंत्रणासाठी वापरू लागले की त्याची विश्वासार्हता ढासळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांच्या बढतीसाठी कामगिरीच्या गुणांची पद्धत आणली आणि निबंधांना भाव आला. मागणी वाढली, तसा पुरवठाही झाला. पैसे घेऊन आठवडाभरात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. आयोगाने स्वतःची मान्य यादी केली. २०१८ मध्ये तिच्यातून चार हजारांहून अधिक नियतकालिके वगळावी लागली. नंतरची ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये आयोगानेच बंद केली. महाविद्यालयीन अध्यापकांवरील निबंधांची सक्ती २०१८ च्या नियमांनी बरीच सैल झाली, परंतु लागलेली सवय सुटली नाही. येथे कबुली देणे प्रामाणिकपणाचे ठरेल. त्या काळात प्रस्तुत लेखकानेही असे दोन निबंध छापून घेतले. ते कोणी वाचले असतील असे वाटत नाही. गुण मात्र मिळाले.

ह्याच विद्यापीठाचा पूर्वेतिहास निराळा आहे. १९१९ मध्ये येथे अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र ह्यांच्या पदव्युत्तर अध्ययनाचा विभाग सुरू झाला. घुर्ये, वकील, दांतवाला, ब्रह्मानंद अशी माणसे तेथे वावरली. डी. टी. लकडावाला ह्यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या मुंबई शहराच्या आर्थिक पाहणीचा ग्रंथ विद्यापीठाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. ह्या शहरातील माणसे कोणते काम करतात, त्यांना वेतन किती मिळते आणि ती कशी राहतात, हा त्याचा विषय. पुढे देशातील दारिद्र्य कसे मोजावे हे ठरविण्यासाठी नियोजन आयोगाने १९८९ मध्ये तज्ज्ञगट नेमला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद ह्याच लकडावालांकडे आले आणि १९९३ च्या त्याच्या अहवालावर दारिद्र्याचे आकडे दीर्घकाळ ठरत राहिले. विद्वत्तेचा प्रभाव म्हणतात तो हा. आपल्या गावाचा प्रश्न नीट विचारणाऱ्यालाच देशाचा प्रश्न समजतो, असा त्याचा अर्थ आहे.

आज उपनगरांत प्रश्नांची वाण नाही. मुलुंड-भांडुपच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखाने जाऊन तेथे निवासी मनोरे उभे राहिले. तेथील कामगारांची पुढची पिढी कोठे कामाला लागली? २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यावर अंधेरीतील घरभाड्यांचे काय झाले? घाटकोपरच्या टेकडीवर राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील चाळीस घरांचा पाण्यावरील खर्च नोंदवून मराठीत प्रकल्प लिहिला. माझ्या त्या दोन्ही निबंधांहून त्यात अधिक अर्थशास्त्र होते. तो प्रकल्प गुण मिळवून कपाटात गेला, कारण अशा लेखनाला जाण्यासाठी दुसरी जागाच नाही.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, मोजमाप नव्हते तेव्हा तरी काय होत होते? आक्षेप खोटा नाही. एकही ओळ न लिहिता निवृत्त झालेले अध्यापक आम्ही पाहिले आहेत. म्हणून मोजमापच नको, असे आमचे म्हणणे नाही. मात्र आठवड्याला सोळा तास शिकवून उरलेल्या वेळात परीक्षा, प्रवेश आणि अहवाल सांभाळणाऱ्या साहाय्यक प्राध्यापकाकडून, किंबहुना तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आणि पुढील वर्षी काम मिळेल की नाही ह्याची शाश्वती नसलेल्या तरुणाकडून, संशोधनाची संख्या मागणे हे केवळ कागद मागणे होय.

विद्यापीठाला तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. बढतीच्या वेळी निबंधांची संख्या न पाहता अध्यापकाने निवडलेले दोन-तीनच निबंध जाणकारांकडून वाचून घ्यावेत. मराठीतील संशोधन त्याच कसोटीवर तपासून त्याला समान मान द्यावा. आणि संलग्न महाविद्यालयांच्या साहाय्याने मुंबईची आर्थिक पाहणी ठरावीक वर्षांनी करावी. विद्यार्थी आपापल्या वस्तीतील माहिती गोळा करतील, कलिन्याचा विभाग पद्धत आखून देईल आणि अध्यापकाला त्यासाठी तासांत सवलत मिळेल.

ह्यामुळे मानांकनातील क्रमांक लगेच सुधारेल असे नाही. कदाचित एखाद-दुसरे वर्ष तो खालीही जाईल. तेवढी किंमत मोजण्याची तयारी हवी. बोरिवलीहून गाडीत लोंबकळत महाविद्यालयात येणाऱ्या मुलाला आपल्या शहराचे अर्थकारण त्याच्याच विद्यापीठाच्या ग्रंथातून वाचावयास मिळाले, तर त्या विद्यापीठाचा प्रभाव कोणत्याही परदेशी सूचीत शोधण्याची गरज पडणार नाही.