पथ्याची सुनावणी

दाहक संधिवाताचा रुग्ण, औषधांची चिठ्ठी हाती पडल्यावर खुर्चीवरून उठता उठता, "डॉक्टर, खाण्यापिण्याचं काय?" असा प्रश्न हमखास करतो; आणि आमचे आधुनिक डॉक्टर, बाहेर पन्नास माणसे खोळंबलेली असल्यामुळे म्हणा किंवा ह्या प्रश्नात काही अर्थ नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत असल्यामुळे म्हणा, "सगळं खा" ह्या दोन शब्दांत त्याची बोळवण करतात. तो घरी येतो तेव्हा शेजारचे काका, सोलापूरचा आतेभाऊ आणि मोबाइलच्या पडद्यावरून उपदेश करणारे स्वयंघोषित धन्वंतरी त्याची वाटच पाहत असतात. त्यांचे फर्मान नेमके उलटे असते: भात बंद, पोळी बंद, बटाटा बंद, आणि त्याच दमात गोळ्याही बंद. ह्या दोन निकालांपैकी एकाही निकालापूर्वी पथ्याच्या दाव्याची रीतसर सुनावणी झालेली नसते, अशी माझी तक्रार आहे.

पिष्ट, म्हणजे आपण सर्रास ज्यास स्टार्च म्हणतो ते, आहारातून वजा केल्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, ही कल्पना निसर्गोपचाराच्या एखाद्या आश्रमात जन्मली असावी असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तिचा उगम लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्रयोगशाळेत आहे, आणि तिचे प्रवर्तक प्राध्यापक ॲलन एब्रिंगर हे प्रतिकारशक्तिशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांचा विषय अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा रोग. तो बहुधा विशीपंचविशीत सुरू होतो. उत्तररात्री कमरेच्या खालच्या भागातील वेदनेने माणसास जाग येते, विश्रांतीने दुखणे वाढते व चालण्याफिरण्याने कमी होते, आणि सकाळी अंथरुणातून उठल्यावर तासभर तरी कंबर वाकत नाही. आमच्याकडे अशा तरुणास "मणक्यात गॅप आहे" असे सांगून पट्टा बांधण्यात आणि निजवून ठेवण्यात, म्हणजे ह्या रोगास जे सर्वथा अपथ्य त्याच गोष्टीत, वर्षे जातात. आणि तेवढ्या अवधीत मणक्यांमधील बंधने हाडाची होऊन पाठीचा कणा कित्येकदा कायमचा जखडतो.

१९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस येथील दोन निरनिराळ्या संशोधकगटांनी असे दाखवून दिले, की ह्या रोगाच्या तेथील रुग्णांपैकी शेकडा ९०च्या आसपास लोकांच्या पेशींवर एचएलए-बी२७ ही आनुवंशिक खूण सापडते. परंतु ही खूण बाळगणाऱ्या बहुसंख्य माणसांस हा रोग जन्मभर होत नाही; तेव्हा बीज घरचे असले तरी त्यास अंकुर फोडणारे काहीतरी बाहेरून येत असले पाहिजे, असा तर्क करणे ओघानेच आले. एब्रिंगर ह्यांनी ते आरोपपत्र आतड्यात वस्ती करणाऱ्या क्लेब्सिएला नामक जंतूवर ठेवले. ह्या जंतूच्या काही प्रथिनांचे बी२७ ह्या खुणेशी इतके साम्य आहे, की जंतूविरुद्ध शरीराने उभे केलेले प्रतिपिंड घरच्या माणसासही शत्रू समजून त्याच्यावर चालून जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ह्या जंतूचे पोषण कशावर होते, तर लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचणाऱ्या पिष्टावर. मग शत्रूची रसदच तोडावी, ह्या युक्तिवादाने त्यांनी लंडनमधील आपल्या रुग्णांस पाव, बटाटा, भात व मैद्याचे जिन्नस वर्ज्य करण्यास सांगितले आणि मासळी, मांस, अंडी, भाज्या, फळे ह्यांवर त्यांचे पोट भरण्याची तजवीज केली. क्लाइड विल्सन ह्या सहकाऱ्यासह १९९६ साली त्यांनी ह्या उपचारावर निबंध प्रसिद्ध केला, आणि रुग्णांची दाहचिन्हे व वेदना कमी झाल्याचे त्यात नमूद केले.

युक्तिवाद सुसंगत आहे, आणि सुसंगत युक्तिवादाचा मोह विद्वानांसही आवरत नाही. परंतु सुसंगती म्हणजे पुरावा नव्हे. क्लेब्सिएलाविषयीचे निष्कर्ष इतर प्रयोगशाळांस त्याच ठामपणाने मिळाले नाहीत. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, एकास हा आहार व दुसऱ्यास नेहमीचा द्यावा, आणि कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसलेल्या परीक्षकाने दोहोंची तपासणी करावी, अशी मोठी चाचणी ह्या आहाराच्या वाट्यास अद्याप आलेली नाही. तथापि आतड्याचा आणि सांध्यांचा काही संबंध आहे, एवढे मात्र नाकारणे आता शक्य राहिलेले नाही. बेल्जममधील घेंट येथील वैद्यांनी अशा रुग्णांची आतडी दुर्बिणीने तपासली, तेव्हा पोटाची काहीएक तक्रार नसलेल्या कित्येकांच्या आतड्यांतही सूक्ष्म दाह आढळला. आणि बी२७चे मानवी जनुक घातलेले उंदीर जंतुरहित वातावरणात वाढवले असता त्यांस सांध्यांचा रोग झालाच नाही, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केले. म्हणजे मामला फेटाळून लावण्याजोगा नाही. तो प्रलंबित आहे.

त्यात ऑस्लोचा दाखला गुंतागुंत वाढवतो. तेथील वैद्यांनी १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या ५३ रुग्णांचे रीतसर दोन गट केले होते. एका गटास प्रथम आठवडाभर उपोषण, मग काही महिने ग्लुटेनरहित व दुधाविनाचा शाकाहार, आणि पुढे दूधदुभत्यासह शाकाहार असा क्रम दिला, आणि त्या गटास झालेला लाभ वर्षअखेरीसही टिकून राहिला. येथे मासळी-मांसास रजा आणि धान्यांपैकी केवळ ग्लुटेनयुक्तांस मनाई. लंडनमध्ये मासळी-मांसास मानाचे पान आणि धान्यमात्रास बंदी. रोग वेगळे आहेत, हे खरे. परंतु परस्परविरुद्ध पथ्यांनी माणसे बरी होतात असे दिसू लागले, म्हणजे गुण पथ्यातील पदार्थांचा, की घटलेल्या वजनाचा, की आपल्याकडे कोणीतरी लक्ष देत आहे ह्या जाणिवेचा, असा प्रश्न चिकित्सकाने केलाच पाहिजे.

पुराव्याची ही बाजू असो. मराठी घरात हे पथ्य प्रत्यक्ष पाळावयाचे म्हटले, तर कोणता प्रसंग ओढवतो तो पाहण्याजोगा आहे. पिष्ट ओळखण्याची शाळेत शिकलेली परीक्षा सोपी आहे: पदार्थावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा, आणि तपकिरी थेंब काळानिळा झाला की उत्तर मिळाले. कुतूहलाखातर मी आमच्या स्वयंपाकघरात हा उद्योग केला, तेव्हा ताक, अंडे आणि नारळाचा चव हे तिघे निर्दोष सुटले. भात, भाकरी, पोहे ह्यांनी अपेक्षेप्रमाणे गुन्हा कबूल केला. परंतु बेसन लावलेली कढी, उडदाचा पापड आणि डबीतील हिंगपूडसुद्धा क्षणार्धात काळवंडली, कारण बाजारातील हिंगात हिंगापेक्षा पीठच अधिक असते. सांधेदुखीवर जिचा एवढा गाजावाजा चालतो त्या हळकुंडातही पिष्टाचा भरपूर अंश असतो. सर्वांवर ताण केली ती साबुदाण्याने. तो तर जवळजवळ निव्वळ पिष्टच. वरई, शिंगाड्याचे पीठ, रताळे आणि बटाट्याचा कीस हे त्याचे सोबती. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या पूर्वजांनी प्रमाणाविषयी योजली. एब्रिंगर ह्यांच्या हिशेबाने पाहिल्यास आमचा उपास हा आठवड्यातील सर्वांत कुपथ्याचा दिवस ठरतो. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी, की शिजवून गार केलेल्या भातातील पिष्टाचा काही भाग पचनास दुर्गम होतो व मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो. म्हणून मधुमेह्याने शिळ्या भाताची भीती बाळगू नये असे काही आहारतज्ज्ञ सांगतात, तर लंडनच्या शास्त्राप्रमाणे सकाळचा फोडणीचा भात हाच जंतूंस पाठविलेला खास नजराणा होय! ज्या पिष्टावर उपद्रवी जंतू जगतात त्याच्यावरच आतड्यातील हितकारक जंतूही जगतात, ही अडचण वेगळीच.

परंतु ह्याहून मोठी अडचण चुलीपाशी आहे. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचे रुग्ण अधिकतर पुरुष, तर ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे अधिकतर स्त्रिया. घरातील कर्त्या मुलास पथ्य सांगितले, तर त्याच्यासाठी वेगळी भाजी, वेगळे अंडे, वेगळी मासळी रांधण्यास आई वा बायको हजर असते. परंतु बोटे सुजलेली सून सर्वांच्या भाकऱ्या थापून झाल्यावर स्वतःसाठी निराळे काही करील, ही अपेक्षा आमच्या कुटुंबव्यवस्थेची ज्यास माहिती आहे तो करणार नाही. ती उरलेल्या भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून खाईल आणि पथ्य मोडल्याचा दोषही स्वतःकडेच घेईल. त्यात शिधापत्रिकेचा विचार करा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील दर माणशी दरमहा जे ५ किलो धान्य मिळते, ते गहू, तांदूळ किंवा भरड धान्य. सरकार गरिबाचे पोट भरते ते पिष्टाने, आणि त्यात आक्षेपार्ह काही नाही, कारण स्वस्त उष्मांक दुसऱ्या कशात नाहीत. परंतु त्या शिधापत्रिकेवर जगणाऱ्या बाईस "धान्य सोडा, अंडी-मासळी खा" असे सांगणे हा उपदेश नसून थट्टा आहे.

तरीसुद्धा गरीब रुग्णासच पथ्याचा मोह अधिक, ह्याचे कारण औषधांच्या किमतींत आहे. टीएनएफ नामक दाहकारक प्रथिनास अडविणाऱ्या इंजेक्शनांनी गेल्या पंचवीस वर्षांत ह्या रोगांचे स्वरूपच पालटले. त्यांपैकी ॲडॅलिमुमॅब ह्या औषधाची देशी आवृत्ती २०१४ च्या अखेरीस भारतात निघाल्यावर किंमत उतरली, पण ती सर्वसामान्य पगारदाराच्या आटोक्यात आली असे म्हणवत नाही. शिवाय ह्या औषधांनी सुप्त क्षयरोग जागा होण्याचा धोका असल्यामुळे आमच्या देशात त्याची तपासणी आधी करावी लागते. अशा माणसास 'फुकटचा' उपाय कोणी सांगितला तर तो गोळ्या सोडून त्याच्या मागे धावतो, आणि ह्याच ठिकाणी मी पथ्याच्या भाटांस क्षमा करण्यास तयार नाही; कारण दुखणे तात्पुरते कमी वाटत असतानाही आतली झीज चालूच असू शकते, आणि एकदा जखडलेला मणका किंवा वाकडे झालेले बोट कोणत्याही आहाराने पूर्ववत होत नाही.

माझी मागणी माफक आहे. ज्या रुग्णास हे पथ्य करून पाहण्याची इच्छा आहे, त्याच्या केसपेपरावर डॉक्टरांनी ते औषधाप्रमाणेच लिहावे: आरंभाची तारीख, तीन महिन्यांची मुदत, चालू औषधांत डॉक्टरांवाचून काडीचाही फेरफार नाही, आरंभी व अखेरीस ईएसआर, सीआरपी ह्या रक्तातील दाह मोजणाऱ्या तपासण्या आणि वजन, आणि सकाळी अंग मोकळे होण्यास किती मिनिटे लागली ह्याची रुग्णाने वहीत रोजची नोंद. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल, तर धान्य तोडण्यापूर्वी त्याची मात्रा ठरवून घ्यावी, नाहीतर रक्तातील साखर एकाएकी उतरेल. मुदत संपल्यावर भाकरी पुन्हा सुरू करावी आणि पुन्हा मोजावे. फरक पडला नाही तर त्या माणसास अपराधीपणाविना ताटाकडे परत जाऊ द्यावे.

एकेका रुग्णाच्या वहीवरून शास्त्राचा निकाल मात्र लागणार नाही. त्यासाठी चाचणी हवी, आणि भाकरी कमी खाण्यात कोणत्याही औषधकंपनीस नफा नसल्यामुळे ती सरकारी पैशातूनच व्हावी लागेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आहे, आयुष मंत्रालय आहे, पथ्यापथ्याचा अभिमान दोहोंपैकी एकास तरी असावाच. अशी चाचणी निघाल्यास तिच्या अंदाजपत्रकात रक्ततपासणीच्या खर्चाशेजारी अंडी, दही, पालेभाजी आणि मासळी ह्यांचाही रकाना असावा, आणि तो माल शिधापत्रिकेवरील रुग्णांच्या घरी, त्यांच्या कुटुंबास पुरेल इतका, पोचता व्हावा.