मेजावरील आगगाडी

पोक्त वयाच्या माणसाने खेळण्यातल्या आगगाडीत जीव गुंतवावा काय, असे कोणी विचारल्यास आपल्या समाजातील बहुतेक मंडळी हसतील. मुलाने ती मागितली तर "आधी गणित सोडव" असे उत्तर मिळते, आणि बापाने ती घरी आणली तर वडीलधारी माणसे त्यास पोरकट ठरवितात. आमचे मत याहून निराळे आहे. लहान रूळ, लहान डबे व लहान स्थानके यांचा हा संसार मांडणे म्हणजे माणसास माणसांत आणणारे एक उत्तम साधन होय. आणि आमच्या सांगली-मिरज भागास तर त्याची विशेष गरज आहे, असे आम्हांस वाटते.

हा छंद काही कालपरवाचा नव्हे. जर्मनीतील मार्कलिन कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाचे रूळ व त्यांवर चालणारी खेळण्यातली गाडी मांडली. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९२० पासून अशा गाड्या विकण्यास आरंभ केला. अमेरिकेतील छंदिष्टांनी १९३५ साली आपली एक राष्ट्रीय संस्था काढून रुळांची व चाकांची मापे ठरवून दिली. हेतू हा की, एकाचे इंजिन दुसऱ्याच्या रुळांवर बिनतक्रार चालावे. ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. शेजाऱ्याची गाडी आपल्या अंगणात यावी म्हणून आपले माप सोडून सर्वांचे माप पत्करणे, हीच संगतीची पहिली पायरी असते.

फार दूर जावयास नको. पुण्यास कर्वे रस्त्यालगत कोथरूड भागात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सर्वांकरिता उघडले. एका गृहस्थाच्या छंदातून वाढलेले एक गावच तेथे मेजावर वसले आहे. वाफेच्या, डिझेलच्या व विजेच्या इंजिनांच्या प्रतिकृती तेथे धावतात, सिग्नल पडतात व चढतात. ज्या पालकांनी आपल्या मुलांस ते दाखविले नसेल त्यांनी पुण्याच्या पुढल्या फेरीत अवश्य दाखवावे.

परंतु आम्हांस या छंदात सर्वांत मोलाची वाटते ती गाडी नव्हे, तर तिच्याभोवतीची बैठक. ही मंडळी एकत्र जमली म्हणजे त्यांचे बोलणे साधारण असे चालते. एक विचारतो, "अहो, तुमचा तो मालडबा वळणावर अजून घसरतो काय?" दुसरा म्हणतो, "घसरतो खरा. पण या आठवड्यात मेजाकडे पाहावयास सवडच झाली नाही. आमच्या आईचा गुडघा फार धरला आहे." लगेच तिसरा एका चांगल्या डॉक्टरांचे नाव सुचवितो, चौथा डब्याच्या तळाशी थोडे वजन घालून पाहावयास सांगतो, आणि चहा येईपर्यंत गुडघा व मालडबा या दोहोंचाही विचार झालेला असतो. मग कोणाच्या मुलीचा निकाल, कोणाच्या नोकरीची बदली, कोणाच्या शेतातील उसाची तोड, असे विषय रुळांच्या सांध्यांमधून येतात व जातात. भाषण करावयास कोणी उठत नाही आणि उपदेशही कोणी करीत नाही.

हे असे का घडते? हात कामात गुंतले व दृष्टी खाली असली म्हणजे जीभ मोकळी होते. मुलास समोर बसवून "तुझे कसे काय चालले आहे?" असे विचारले तर तो "ठीक आहे" एवढेच म्हणतो. तोच मुलगा बापाशेजारी बसून रुळाचा तुकडा कानशीने घासू लागला म्हणजे वर्गात कोणी त्यास चिडविले, कोणता विषय त्यास समजेनासा झाला आहे, हे आपोआप सांगून जातो. इंग्लंडातील धर्मोपदेशक विल्बर्ट ऑड्री यांनी गोवराने अंथरुणास खिळलेल्या आपल्या मुलास इंजिनांच्या गोष्टी सांगितल्या. त्या गोष्टींचे पहिले पुस्तक १९४५ साली निघाले, आणि पुढे त्यांतूनच टॉमस नावाचे निळे इंजिन जगभर गेले. मुलाजवळ बसून घालविलेला वेळ कधी फुकट जात नाही, एवढे पालकांनी यावरून ध्यानी घ्यावे.

दुसरे कारण असे की, ही मांडणी कधीच पुरी होत नाही. आमची मुले दिवाळीस मातीचा किल्ला करितात, त्यावर अळीव पेरितात, मावळे मांडितात. बेंदरास मातीचे बैल होतात आणि जोंधळ्याच्या ताटांची गाडी होते. म्हणजे हे कौशल्य आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेच. परदेशाहून ते आणावयाचे नाही. परंतु दिवाळी सरली की किल्ला मोडतो. आगगाडीचे मेज मात्र वर्षानुवर्षे टिकते. आज पूल झाला, उद्या पाण्याची टाकी, परवा फलाटावरील बाक. काम अपुरे राहते म्हणून माणसे पुन्हा येतात, आणि पुन्हा येणारी माणसेच एकमेकांची होतात.

आता आमच्या भागाच्या विशेष गरजेविषयी. पुणे-मिरज मार्ग पूर्वी मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला होता. सांगली शहर त्या काळी मुख्य मार्गावर नव्हते. मिरजेहून एक छोटी शाखा सांगलीस येत असे. अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, आणि पंढरपूर, लातूर अशी वाढत १९२७ साली मिरजेस पोहोचली. पुढे १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग साडेपाच फुटी झाला, सांगली मुख्य मार्गावर आली, आणि काही वर्षे मिरज स्थानकात तिन्ही रुंदींचे रूळ शेजारी शेजारी नांदले. एका गाडीतील पोती उतरवून दुसरीत चढवावी लागत, कारण एका रुळाची गाडी दुसऱ्यावर चालत नसे. नंतर मीटर गेज गेला, आणि २०१० च्या सुमारास पंढरपूरची छोटी गाडीही इतिहासजमा होऊन तेथे रुंद रूळ आले.

ते रुंद झाले याचे आम्हांस दुःख नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातुरास पाण्याचा दुष्काळ पडला, तेव्हा मिरजेहून १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी निघाली ती त्याच दिशेच्या रुंद रुळांवरून. अडीच फुटांच्या रुळांवर त्या वाघिणी गेल्याच नसत्या. परंतु जे गेले ते कसे होते, हे सांगणारी माणसे आमच्या गल्ल्यांत अजून आहेत. ज्यांनी छोट्या इंजिनात कोळसा घातला, ज्यांनी सांधे बदलले, ज्यांनी पोती वाहिली, त्यांपैकी कित्येक आज दारातील बाकावर मुकाट बसून असतात. नातू शेजारून शिकवणीस निघून जातो. आजोबांस काय विचारावे हे त्यास ठाऊक नाही, आणि काय सांगावे हे आजोबांस सुचत नाही. दहा-पंधरा वर्षांनी विचारावयासही कोणी उरणार नाही. आमच्या मते खरी हानी ती ही होय.

यास्तव आमची एक सूचना आहे. शाळेतील एखाद्या रिकाम्या खोलीत तीन रुळांच्या जुन्या मिरज स्थानकाची प्रतिकृती विद्यार्थ्यांनी उभारावी. तिच्याबरोबर कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी व सांगली ही स्थानके एकेका गटाने आपापल्या घरी स्वतंत्र फळीवर करावी. फळीच्या टोकाशी रुळांची जागा व उंची सर्वांनी एकच ठेविली म्हणजे शनिवारी सायंकाळी सर्व फळ्या जोडून एका टोकाची गाडी दुसऱ्या टोकास नेता येईल. परदेशातील पुष्कळ मंडळे याच रीतीने चालतात.

गणिताचे काय, असे पालक विचारतील. त्यांनी हे पाहावे. या छंदात १ : ८७ हे प्रमाण फार रूढ आहे. त्या प्रमाणात साडेपाच फुटी मार्ग सुमारे सव्वाएकोणीस मिलिमीटर, मीटर गेज साडेअकरा आणि बार्शी लाइट पावणेनऊ मिलिमीटर रुंद होतो. एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर! तेव्हा मिरज-सांगली हे अंतर शाळेच्या मोठ्या दालनातही मापाबरहुकूम मावणार नाही. काय ठेवावे व काय गाळावे, याचा निर्णय करावा लागेल, आणि तो करिताना वादही होईल. प्रमाण, भूगोल, वीज व विवेक हे सर्व एका मेजावर शिकता येतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रशिक्षण संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी असेच मंडळ काढले. त्यातील मेजाखालच्या तारांशी झगडणाऱ्यांपैकी कित्येक तरुण पुढे संगणकाच्या पहिल्या पिढीतील कुशल कारागीर ठरले.

खर्चाचा बाऊही नको. विकतची इंजिने महाग असतात हे खरे. परंतु एक इंजिन सर्वांत मिळून पुरते. बाकी स्थानके पुठ्ठ्याची, खांब बांबूच्या काड्यांचे, माती म्हणून वाळविलेला चहाचा चोथा आणि गवत म्हणून वखारीतील रंगविलेला भुसा, एवढ्यावर भागते. जुन्या स्थानकाचा फलाट कोणीकडे होता, पाण्याचा नळ कोठे होता, छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत पोती कशी चढवीत, हे मात्र विकत मिळणार नाही. त्यासाठी आजोबांकडेच जावे लागेल.

आणि ते येतील, अशी आमची खात्री आहे. प्रथम दारात उभे राहून पाहतील. मग कोणी मुलगा चुकीच्या जागी सिग्नल लावील, तेव्हा त्यांच्याने राहवणार नाही. "अरे बाळ, तो तिथे नव्हता," असे म्हणून ते आत येतील, खुर्ची ओढून बसतील व बोलू लागतील. मुलांनो, त्या वेळी गाडी थोडी थांबवा आणि ऐका.