घाटात अश्वशक्तीपेक्षा पकड महत्त्वाची

कुळे ते कॅसलरॉक हा सह्याद्रीतील लोहमार्ग जेमतेम २६ किलोमीटरचा. मात्र मुरगाव बंदरातून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशाच्या गाड्यांची खरी कसोटी येथेच लागते. या मार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव मांडण्याची मुभा रेल्वेला आहे. मात्र त्याआधी, आहे त्याच मार्गावरून किती माल चढविता येईल, याचा हिशेब इंजिनांच्या क्षमतेपासून सुरू करावा लागतो.

या घाटात दर ३७ मीटरला एक मीटर चढ आहे. कोळशाने भरलेल्या ५८ वाघिणींच्या गाडीचे वजन सुमारे ४,७०० टन भरते. ती या चढावर नुसती तोलून धरण्यासाठीच सुमारे १२७ टन ओढशक्ती लागते. इंजिनांचे स्वतःचे वजन आणि वळणांवरील घर्षण वेगळेच. सगळा भार पुढच्या इंजिनांवर टाकल्यास कपलिंग तुटण्याचा धोका असतो. म्हणून मागूनही बँकर इंजिने लावावी लागतात.

जुन्या डिझेल इंजिनांच्या नूतनीकरणाचे काम प्रामुख्याने पतियाळा येथील कारखान्यात झाले. तेथे २,६०० अश्वशक्तीची इंजिने ३,१०० अश्वशक्तीची करण्यात आली. सपाटीवर त्याचा लाभ वेग वाढण्यात दिसला. घाटात मात्र गाडी संथ चालते आणि तेथे मर्यादा येते ती चाक व रूळ यांच्यातील पकडीची. पावसाने रूळ ओले झाले की चाके जागीच फिरू लागतात. शिवाय जुन्या डीसी मोटारी कमी वेगात, जड भाराखाली तापतात.

हे चित्र बदलले ते १९९९ मध्ये आयात झालेल्या अमेरिकी बनावटीच्या डब्ल्यूडीजी-४ इंजिनांमुळे. डब्ल्यूडीजी-३ए या आधीच्या मालवाहू इंजिनाचे वजन १२३ टन आणि ओढशक्ती सुमारे ३८ टन. नव्या इंजिनाचे वजन अवघे तीन टनांनी जास्त. ओढशक्ती मात्र ५० टनांहून अधिक. हा फरक मुख्यतः एसी मोटारी आणि चाकांची घसरण आवरणाऱ्या नियंत्रण यंत्रणेचा आहे.

अमेरिकेतील नॉरफोक सदर्न कंपनीने हेच सूत्र धरून आपल्या जुन्या डीसी इंजिनांचे एसीमध्ये रूपांतर केले. भारताने वेगळी वाट चोखाळली. वाराणसीत दोन डिझेल इंजिनांपासून १०,००० अश्वशक्तीचे जोड विद्युत इंजिन तयार झाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ते रुळावर आले. मात्र हा प्रयोग मोजक्या इंजिनांपुरताच राहिला.

ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळपास पूर्ण झाले असताना जुन्या डिझेल इंजिनांवर मोठा खर्च करणे आता शहाणपणाचे ठरणार नाही. तथापि घाटाचा निकष इंधनाबरोबर बदलत नाही. चढताना पकड आणि उतरताना भरवशाचे ब्रेक, हीच इंजिनाची खरी पात्रता. दुसऱ्या मार्गासाठी अभयारण्यातील झाडांवर कुऱ्हाड चालविण्याची परवानगी पुन्हा मागताना, चांगल्या इंजिनांच्या बळावर पहिल्या मार्गाची क्षमता किती वाढते, हे रेल्वेने आधी आकड्यांनिशी मांडले पाहिजे.